स्वतःचं असं काही

“बाई, तुम्ही परत पाठवलेली एक्केचाळीसही पत्रं मला मिळाली,” असं त्या पत्राचं पहिलं वाक्य होतं. ते वाचताना विजयाबाईंच्या मनात प्रथम एवढंच आलं, की मुलीचं मराठी बरं आहे. ‘एक्केचाळीसही’ असं सहसा कुणी लिहीत नाही. दुपारचे तीन वाजले होते. मोडेमची कुईकुई थांबून पडद्यावर पत्रं एकेक करून उतरत होती. त्यांनी चहाचा कप कीबोर्डपासून दूर सरकवला, कारण बंगलोरला नोकरीवर जाताना त्यांच्या मुलाने, निखिलने, हे यंत्र त्यांच्या हवाली करताना तशी तंबीच दिली होती. मग दुसरं वाक्य वाचलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी वाचताना ओठ हलवावे लागत, म्हणून ते त्यांना स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं : “त्यात माझं स्वतःचं काही नव्हतं हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. ती दुसऱ्यांची होती.”

खाली नाव होतं श्वेता बोरसे, कोसाड. गेल्या वर्षी मराठी मंडळात विजयाबाई ‘दूरचे शेजारी’ या गावोगावच्या मराठी माणसांच्या ई-मेल यादीबद्दल बोलल्या होत्या, तेव्हा तिने पत्ता वहीत लिहून घेतला होता. आता पुराने कोसाडचे सगळे फोन बंद पडले, तेव्हा तिला तो आठवला. ज्यांची माणसं बाहेरगावी होती त्यांच्या घरी जाऊन तिने निरोप लिहून घेतले आणि रिंग रोडवरच्या एका ओळखीच्या ऑफिसातून शनिवारी सगळे पाठवले. त्या त्या गावचा कुणीतरी सभासद पत्रातल्या नंबरावर फोन करून सांगेल, एवढीच तिची अपेक्षा होती. शेवटी तिने लिहिलं होतं, “चूक झाली असेल तर माफ करा. पण पुन्हा पाठवायचं तर कसं लिहू म्हणजे तुम्ही जाऊ द्याल?”

विजयाबाई उठून गॅलरीत गेल्या. भेस्तानला पाणी आलंच नव्हतं. समोरच्या मिलच्या आवारात ट्रक उभे होते, सप्टेंबरचं फिकट ऊन होतं आणि कुणाच्या तरी कुकरची शिटी होत होती. तापीपलीकडे अर्धं शहर चिखलात बसलंय हे त्यांना ठाऊक होतं. वर्तमानपत्रांतून, नवऱ्याच्या, अशोकरावांच्या, बोलण्यातून त्या आठवडाभर तेच ऐकत होत्या. ठाऊक होतं आणि तरीही. हे ‘तरीही’ त्यांना नीट पकडता येईना. शनिवारी दुपारी आपण काय केलं ते त्या आठवू लागल्या. आठवायला फारसं नव्हतंच. त्या आठवड्यात यादीवर पुराचीच पत्रं येत होती. हे दहा जणांना पाठवा नाहीतर अनर्थ होईल, अमुक देवीचा कोप, तमुक पावडरीने पाणी शुद्ध होतं, आमच्याकडे घाऊक भावात. अमेरिकेतले लोक याला स्पॅम म्हणतात असं यादी चालवणाऱ्या परागने सांगितलं होतं. विजयाबाई कचरा म्हणत. एका अनोळखी पत्त्यावरून एक्केचाळीस पत्रं आली, सगळ्यांचं शीर्षक ‘निरोप’. पहिलं उघडलं : नमस्कार, पत्र लिहिण्यास कारण की, आम्ही येथे सुखरूप आहोत. दुसरं उघडलं. तेच. तिसऱ्याला त्या थांबल्याच नाहीत, सगळीच परत पाठवून दिली. तिसऱ्या ओळीत गाव होतं, चौथीत नाव, पाचवीत फोन नंबर. तिथपर्यंत त्यांचे डोळे गेलेच नव्हते.

दोन ओळी पुरतात, असं त्या नेहमी म्हणत. तेवीस वर्षं मराठी शाळेत निबंध तपासल्यावर आणखी काय होणार? ‘माझा आवडता सण’चे साठ कागद पुढे येत. त्यांतले पन्नास एकाच गाइडातून आलेले असत. पानाला हात लागताच त्यांना वास यायचा. खरोखरच वास, गाइडाच्या स्वस्त कागदाचा. मग त्या तांबड्या पेनाने समासात लिहीत, ‘स्वतःचं लिही.’ एखाद्या वहीत मात्र आईने पुरणाचं पातेलं झाकून ठेवलं आणि त्यात पाल पडली असं काहीतरी निघे. त्या दिवशी त्या स्टाफरूममध्ये ती वही सगळ्यांना वाचून दाखवत आणि दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटे. माणूस म्हणजे जे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं ते. एवढं सोपं होतं ते, आणि त्यांना ते खरं वाटत आलं होतं. पुण्याच्या परागने यादी सुरू केली तेव्हा आलेली पत्रं तपासून पुढे सोडणारी राखणदार म्हणून त्याने त्यांनाच विचारलं. “विजयाताई, तुमच्यासारखं नाक कुणाचं नाही,” असं तो फोनवर म्हणाला होता, आणि दिवसभर त्यांना तरुण झाल्यासारखं वाटलं होतं. परत पाठवायच्या पत्रांसाठी एक वाक्य हवं होतं. त्यावर त्यांनी दोन दुपारी घालवल्या. ‘आपल्या पत्रात आपलं स्वतःचं असं काही आढळलं नाही. कृपया स्वतःचं लिहावं.’ ते वाक्य यंत्रात घालून ठेवलं, की बटण दाबताच आपोआप जाई. शनिवारी ते एक्केचाळीस वेळा गेलं होतं. अक्षरही न बदलता.

त्या आत आल्या. श्वेताला उत्तर लिहायला बसल्या आणि बोटं अडली. ‘पत्र लिहिण्यास कारण की’ हे शब्द त्यांच्या डोक्यात फिरत होते, पण ते श्वेताच्या आवाजात नव्हते. ते प्रमिलाबाईंच्या आवाजात होते.

ब्याण्णव साली साक्षरतेचे वर्ग निघाले. लिंबायतला रविवारी दुपारी मारुतीच्या देवळामागच्या पत्र्याच्या खोलीत वीसेक बायका जमत. बहुतेकींचे नवरे यंत्रमागावर कामाला होते. भिंतीपलीकडे माग चालू असत, त्यामुळे ‘क’ म्हणायचा तरी ओरडून म्हणावा लागे. प्रमिलाबाई अमळनेरकडच्या, चाळिशीच्या. पहिल्या महिन्यात त्यांना पेन्सिल धरता येत नव्हती. त्या ती पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी धरत. आठव्या महिन्यात त्यांनी पहिलं पोस्टकार्ड लिहिलं, भावाला. विजयाबाईंनी ते हातात घेतलं तेव्हा सगळा वर्ग बघत होता. ‘पत्र लिहिण्यास कारण की आम्ही येथे सुखरूप आहोत. तुम्ही तेथे सुखरूप असाल.’ एवढंच. पुढच्या रविवारी बहिणीला दुसरं. तेच. मग सासरी. तेच. विजयाबाई म्हणाल्या होत्या, “अहो प्रमिलाबाई, मनातलं लिहा ना काही. तुमच्या खोलीतलं, गल्लीतलं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.” प्रमिलाबाईंनी खरोखरच विचार केला होता. कपाळाला आठ्या घालून, पेन्सिल पदरात गुंडाळून विचार केला होता. मग म्हणाल्या, “आम्ही बठ्ठा खुशाल शेतस. आजून काय लिखू?” सगळे खुशाल, आणखी काय लिहायचं! बायका हसल्या. विजयाबाईही हसल्या. घरी येऊन त्यांनी अशोकरावांना ते सांगितलं तेव्हा त्यात थोडी निराशा होती, थोडी ऐट होती. एवढी अक्षरं दिली, पण विचार कुठून द्यायचा, असं काहीसं त्या म्हणाल्या होत्या. मागांचा तो आवाज, खोलीतला तेलाचा आणि ओल्या सुताचा वास, दुपारच्या उन्हात पाटीवर वाकलेली ती डोकी हे सगळं आता इतकं जवळ आलं की त्यांना खुर्चीत अवघडल्यासारखं झालं. ते दिवस सुखाचे होते. आपण कुणाला तरी हव्या होतो.

चौऱ्याण्णवला प्लेग आला. दोन दिवसांत शहर पळालं. विजयाबाई आणि अशोकराव मिळेल त्या गाडीने नाशिकला माहेरी गेले, तोंडाला रुमाल बांधून, कुलूप दोनदा ओढून बघून. प्रमिलाबाई गेल्या नाहीत. नवऱ्याला ताप होता आणि गाडीत त्याला कुणी चढू दिलं नसतं. आठवड्याने नाशिकला कार्ड आलं. कधीतरी त्यांनी पत्ता मागून घेतला होता. ‘आम्ही येथे सुखरूप आहोत. तुम्ही तेथे सुखरूप असाल.’ ‘सुखरूप’मधला रु ऱ्हस्व होता, ‘तेथे’ला एक मात्रा जास्त होती. विजयाबाईंनी ते कार्ड ओट्यावर सगळ्यांना दाखवलं. “माझी विद्यार्थिनी,” त्या म्हणाल्या, आणि चुकीकडे बोट दाखवून हसल्या. उत्तर द्यायचं राहून गेलं. परतल्यावर कळलं, की त्या पंधरवड्यात प्रमिलाबाईंनी सगळ्या गल्लीची कार्डं लिहिली होती. धुळं, शिरपूर, साक्री, पारोळा, जिथे जिथे कुणी होतं तिथे. सगळीकडे तेच. “कारड पोचनं का, बाई?” त्यांनी रविवारी विचारलं होतं. विजयाबाई म्हणाल्या होत्या, “पोचलं हो. पण अहो, सगळ्यांना तेच ते!” आणि प्रमिलाबाई पाटी पुसता पुसता, वर न बघता म्हणाल्या होत्या, “तेच वाचासाठे त्या वाट देखतस, बाई.”

चार वर्षं हे वाक्य त्यांच्यात पडून होतं आणि त्यांना ते कधी ऐकू आलं नव्हतं. त्यांना ते विनोदी वाटलं होतं. प्रमिलाबाईंचा नवरा त्या हिवाळ्यात गेला आणि त्या अमळनेरला परत गेल्या. त्यानंतरचं विजयाबाईंना काहीच माहीत नव्हतं.

संध्याकाळी अशोकराव बँकेतून आले. विजयाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. ते शर्टाच्या बाह्या सोडत ऐकत होते. “मग पुन्हा पाठव ना सगळी,” ते म्हणाले, “त्यात काय एवढं?”

“ती माझ्याकडे नाहीत. परत पाठवली की इथून जातात.”

“त्या मुलीकडे असतील.”

“उद्या मी जाते कोसाडला.”

“फोन कर की त्या ऑफिसात. पूल आत्ता कुठे उघडलाय. सगळा चिखल आहे, रोगराई आहे.” मग बायकोच्या तोंडाकडे बघून ते म्हणाले, “बरं. बूट घाल माझे.”

शुक्रवारी सकाळी दोन रिक्षा बदलून त्या अमरोलीचा पूल ओलांडून गेल्या. तापी आता काही घडलंच नाही अशी वाहत होती. कोसाडच्या वसाहतीत सगळ्या इमारतींवर एकाच उंचीची तपकिरी रेघ होती, पट्टीने आखल्यासारखी. तिच्याखाली कुठलं घर कुणाचं ते ओळखू येत नव्हतं. गाद्या, गोधड्या, भिजलेले टीव्ही, फुगलेली दप्तरं बाहेर उन्हात पडली होती आणि सगळ्यावर पांढरी पावडर शिंपडलेली होती. श्वेता दुसऱ्या मजल्यावर राहायची. बावीस-तेवीस वर्षांची, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी. तिच्या क्लासची चारही यंत्रं पाण्यात गेली होती. विजयाबाईंना दारात बघून ती गोंधळली. शेजारच्या दाराकडे वळून “भाभी, खुरशी आपो ने,” असं ओरडली, आणि खुर्ची आली तरी विजयाबाई जिन्यातच पायरीवर बसल्या.

“मी वाचलीच नाहीत गं,” त्या म्हणाल्या. हे रिक्षात त्यांनी वेगळ्या प्रकारे जुळवलं होतं. “दोन ओळी वाचल्या आणि परत पाठवली. पुराचे दिवस आहेत हे माहीत असून.”

श्वेता आत जाऊन एक दोनशे पानी वही घेऊन आली. कडा ओल्या होऊन वाळलेल्या. “चाळीस पाठवून टाकू आज,” ती म्हणाली.

“एक्केचाळीस ना?”

“पहिलं नको.” तिने पान उघडलं. सखाराम वानखडे. मस्कत, मुलगा सागर. पुढे नंबर. “तळमजल्यावर राहायचे. पूर्वी मागावर होते, अकोल्याकडचे. एकटेच. पाणी उतरल्यावर मी वही घेऊन निघाले तर सगळ्यांच्या आधी तेच आले होते. सोमवारी ताप भरला. बुधवारी पहाटे गेले, दवाखान्यात. काल आमच्या बिल्डिंगवाल्यांनी सगळं केलं.”

“आणि मुलाला?”

“त्याला कोण सांगणार, बाई? इथले फोन बंद. ऑफिसातून परदेशात लागला नाही. म्हणून तर तुम्हाला पत्र लिहिलं मी काल. नीट लिहिता आलं नाही त्यात.”

विजयाबाई त्या नावाकडे बघत राहिल्या. शनिवार ते बुधवार. त्या दिवस मोजत होत्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत होत्या, मध्ये कुठेतरी एखादा दिवस कमी होईल म्हणून. शनिवारी बटण दाबून त्या उठल्या होत्या आणि शेंगदाण्याची चटणी कुटली होती. रविवारी मंडळाची सभा होती. शनिवारी निरोप गेला असता तर रविवारी मुलाने ऑफिसात फोन केला असता, श्वेताने म्हाताऱ्याला स्कूटरवर बसवून नेलं असतं, दोघं बोलले असते. काय बोलले असते? बरा आहे, बरा आहे. ताप आला नसता असं नाही. पण बोलले असते. एखादी चूक तांबड्या पेनाने दाखवता येते तशी ही दाखवता येत नव्हती. तिला समासच नव्हता.

“ते असंच म्हणाले होते का?” त्यांनी विचारलं. “आम्ही येथे सुखरूप आहोत, असं?”

श्वेता ओशाळली. “नाही, बाई. असं कुणीच नाही म्हणालं. लोक खूप बोलत होते. कुणी रडत होतं, कुणी शिव्या घालत होतं. मी एकच मजकूर बनवला आणि नावं बदलली. वेळ नव्हता. आणि मला वाटलं, तुमच्यासारखे शिकलेले लोक वाचणार, तर नीट भाषेत असावं.”

“त्यांचं आठवतंय तुला?”

“त्यांचं आठवतंय. हसायला आलं होतं मला.” तिने आठवून आठवून, म्हाताऱ्याच्या वऱ्हाडी वळणात ते सांगितलं. विजयाबाईंनी वही मागून घेतली आणि त्या नावाखाली ते वाक्य लिहून घेतलं. ‘माह्या’ लिहिताना हात सवयीने ‘माझ्या’कडे वळला. त्यांनी खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

त्या दुपारी रिंग रोडच्या ऑफिसातून श्वेताने चाळीस पत्रं पुन्हा पाठवली आणि भेस्तानला बसून विजयाबाईंनी ती एकेक करून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. यवतमाळ, शोभाबाई आणि दोन मुली. नंदुरबार, भगवान आणि घरचे. लातूर. पुन्हा नंदुरबार. प्रत्येक वाचून झालं की त्या सोडत. संध्याकाळी पुण्याहून परागचा फोन आला. “विजयाताई, हे काय चाललंय? चाळीस सारखी पत्रं! लोक यादी सोडतोय म्हणतायत.”

“शेवटपर्यंत वाचलीस का तू?”

“एक वाचलं की सगळी वाचल्यासारखीच आहेत.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” त्या म्हणाल्या. “पुण्याची तीन आहेत त्यात. तेवढे फोन तू कर.” पलीकडे तो नंबर लिहून घेऊ लागला.

मस्कतच्या सभासद बाईंना मात्र त्यांनी वेगळं लिहिलं. तिथे शुक्रवारची सुट्टी होती आणि बाई घरी होत्या. त्यांनी सागरला शोधून बातमी सांगितली, तो रडला नाही, फक्त विजयाबाईंचा नंबर मागून घेतला, असं त्यांचं उत्तर आलं. शनिवारी सकाळी साडेआठला फोन वाजला. लाइनीत मागे समुद्रासारखा घोष होता, आणि आपलंच बोलणं क्षणाने परत ऐकू येत होतं.

“मी सागर वानखडे.”

विजयाबाईंनी सांगायचं ते सगळं सांगितलं. तापाचं, दवाखान्याचं, शेजाऱ्यांनी केलेल्या शेवटाचं. मग न थांबता मागच्या शनिवारच्या पत्राचं. ते त्यांच्याकडे आलं होतं, त्यांनी ते न वाचता परत पाठवलं होतं, ही त्यांची चूक होती. माफ करा हा शब्द जिभेवर आला आणि तो इतका वापरलेला वाटला की त्यांच्याने तो म्हणवेना. पलीकडे घोष चालू होता.

“काय होतं त्या पत्रात?” सागरने विचारलं.

“पत्रात सगळ्यांचं होतं तेच होतं. पण त्या मुलीला ते बोलले होते, ते तिच्या लक्षात आहे. मी लिहून घेतलंय. वाचू?”

“वाचा.”

अशोकराव पेपर खाली ठेवून बघत होते. विजयाबाईंनी कागद डोळ्यांसमोर धरला. जन्मभर त्यांनी असं मराठी दुसऱ्यांच्या तोंडातून काढून टाकलं होतं. ते आता स्वतःच्या तोंडात घेताना त्यांचा आवाज लहान झाला. “त्याले सांगजा पोरी, घाबरू नोको म्हणा. पाणी माह्या पलंगापर्यंत आलं अन् लाजून माघारी गेलं.”

पलीकडे श्वास घेतल्याचा आवाज.

“‘सांगजा’ नसतील म्हणाले,” सागर म्हणाला. “पोरीच्या जातीले बाबा ‘सांगजो’ म्हणत.”

“हो का? मला माहीत नव्हतं.”

“सांगजो. पुन्हा एक खेप म्हणा, बाई. बरोबर म्हणा.”

विजयाबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं.